ताकदीचीही बचत होते : वजन हळूहळू वाढवण्याचा पाठ



या अंकातला आरोग्याचा पाठ ताकदीच्या व्यायामावर आहे. त्यातही आपण एकच गोष्ट नीट शिकणार आहोत : वजन कधी वाढवायचं, किती वाढवायचं आणि कधी थांबायचं.

बैठकीत हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अगं पोरी, पहाटेपासून रात्रीपर्यंत आम्ही उभ्याच. पाणी आम्ही आणतो, वैरणीचा भारा आम्ही आणतो. वरून अजून व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करूया.

कामाचं ओझं आणि व्यायामाचं ओझं

१५ लिटरचा हंडा भरला की नुसतं पाणीच १५ किलो होतं, हंड्याचं वजन वेगळं. तो रोज आणणाऱ्या बाईला कुणी अशक्त म्हणणार नाही. पण एक गोष्ट बघा. लग्न होऊन आलात तेव्हा हंडा तेवढाच होता आणि आजही तेवढाच आहे. पहिल्या महिन्यात मान भरून आली, खांदे दुखले, मग सवय झाली. सवय झाली म्हणजे शरीराने तेवढ्या ओझ्यापुरती ताकद तयार केली आणि तिथेच थांबलं. शरीर फार काटकसरी असतं. लागते तेवढीच ताकद ते ठेवतं. जास्तीची मागणीच आली नाही तर जास्तीची ताकद ते कशाला तयार करेल?

दुसरी गोष्ट, कामाचं ओझं एकाच बाजूला पडतं. कळशी नेहमी त्याच कमरेवर असते, विळा नेहमी त्याच हातात. काही स्नायू रोज झिजतात आणि काहींना कामच मिळत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कामाचं ओझं आपण ठरवत नाही. वर्षभर १५ किलोची सवय असते आणि हंगामात अचानक खताची गोणी समोर येते. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. ट्रॅक्टर थांबलेला असतो, सगळे घाईत असतात, आणि आपण वाकून एकदम झटका देतो. कंबर धरते ती अशाच वेळी. १५ वरून ५० वर जायला मध्ये एकही पायरी नसते.

व्यायामाचं ओझं आपल्या हातात असतं. किती किलो, किती वेळा, कोणत्या दिवशी आणि कधी थांबायचं, सगळं आपण ठरवतो. मधल्या पायऱ्या आपण स्वतः बांधतो. एवढाच फरक आहे, पण तो फार मोठा आहे.

आणि याची गरज वयाबरोबर वाढत जाते. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात. पाळी गेल्यावर हाडंही वेगाने ठिसूळ होऊ लागतात. खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणं, शौचालयात बसून उठताना भिंत धरावी लागणं, नातवाला उचलताना भीती वाटणं, यांना आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो. यातला बराचसा भाग वयाचा नसतो, ताकद कमी झाल्याचा असतो. आणि ताकद परत मिळवता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असं सांगितलं आहे. चालणं चांगलंच, पण ही गोष्ट चालण्याव्यतिरिक्त करायची आहे.

पहिलं कर्ज छोटं, दुसरं त्याहून मोठं

हे तत्त्व तुम्हाला नवीन नाही. गट सुरू झाला तेव्हा बँकेने पहिल्याच दिवशी मोठं कर्ज दिलं का? नाही. आधी आपली बचत बघितली. मग छोटं कर्ज मिळालं, त्याचे हप्ते वेळेवर गेले, मग त्याहून मोठं मिळालं. पहिल्याच वर्षी पाच लाख डोक्यावर घेतले असते तर गट मोडला असता. आणि दहा वर्षं अंतर्गत कर्ज पाचशे रुपयांचंच देत राहिलो असतो, तर गट टिकला असता पण वाढला नसता.

शरीराचंही तसंच आहे. सवयीपेक्षा थोडं जास्त वजन उचललं की स्नायूला ताण पडतो. मग जेवण, झोप आणि विश्रांती मिळाली की तो स्वतःला आधीपेक्षा थोडा मजबूत करतो. पुढच्या वेळी तेच वजन हलकं वाटतं. हलकं वाटलं की वजन पुन्हा थोडं वाढवायचं. ताण, विश्रांती आणि थोडी वाढ, एवढंच चक्र आहे. यातली विश्रांती विसरू नका. ताकद उचलताना तयार होत नाही, ती मधल्या दिवसांत तयार होते. म्हणून हा व्यायाम रोज करायचा नाही.

हे कुणी करून पाहिलं?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत थॉमस डीलॉर्म नावाचे एक लष्करी डॉक्टर होते. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे दुखावलेले अनेक सैनिक येत. तेव्हाची पद्धत अशी होती, की अगदी हलकं वजन घेऊन पुष्कळ वेळा हालचाल करायची. सैनिक बरे व्हायला फार वेळ लागायचा. डीलॉर्म स्वतः वजन उचलण्याचा व्यायाम करत. त्यांनी सैनिकांना जास्त वजन, कमी वेळा आणि ताकद येईल तशी वाढ, असा व्यायाम दिला. माणसं लवकर बरी होऊ लागली. १९४५ साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. आज दवाखान्यातल्या फिजिओथेरपीत वजन टप्प्याटप्प्याने वाढवतात, त्यामागे हे काम आहे.

"सैनिक तरुण होते, आमचं काय?" असं म्हणाल, तर पुढचं ऐका. १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांवर एक अभ्यास झाला. वयं ८६ ते ९६. त्यांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला आणि वजन वाढवत नेलं. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नव्वदीत हे होत असेल, तर पंचेचाळिशीत आपण "आता काय उपयोग" असं म्हणायचं कारण नाही.

आणि आपल्या देशातली मीराबाई चानू. मणिपूरच्या खेड्यातली मुलगी, लहानपणी डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणायची. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ४९ किलो वजनी गटात तिने रौप्यपदक मिळवलं. दोन प्रकारांत मिळून २०२ किलो, त्यात एका प्रकारात ११५ किलो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. मोळ्यांनी तिचा पाया तयार झाला. पण मोळी ते ११५ किलो हे अंतर तिने वर्षानुवर्षं सरावात एकेक पायरी चढून कापलं. आपल्याला पदक आणायचं नाही. पायरीची रीत मात्र तीच आहे.

सुरू करण्याआधी

खालीलपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंना विचारा, मगच सुरू करा :

• गरोदर असाल, किंवा बाळंतपणाला सहा महिने झाले नसतील
• पिशवीचं किंवा पोटाचं दुसरं कुठलं ऑपरेशन झालं असेल
• अंग बाहेर येतं, खाली जड वाटतं, किंवा खोकताना, शिंकताना लघवी सुटते
• बीपी, हृदयाचा त्रास किंवा साखर असेल
• कंबरेतून पायात कळ किंवा मुंग्या जातात
• पडल्यामुळे किंवा थोड्याशा धक्क्याने हाड मोडलेलं असेल

खाली जड वाटणं किंवा लघवी सुटणं याबद्दल आपण बोलत नाही. कृपया बोला. त्यावर उपचार आहेत, आणि ते लपवून वजन उचललं तर त्रास वाढू शकतो.

एक तपासणी सगळ्यांनीच करावी, ती रक्ताची. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी गोळ्या सुरू करा आणि व्यायाम कधी सुरू करायचा ते विचारून घ्या. रक्त कमी असताना दम लागतो, चक्कर येते, आणि आपण व्यायामाला दोष देतो.

साहित्य : तेलाचा रिकामा कॅन

जिम लागत नाही. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या, मूठ असलेला. राखेने किंवा साबणाने आतून-बाहेरून स्वच्छ धुवा, नाहीतर हातातून निसटेल. मापाने अर्धा अर्धा लिटर पाणी ओता आणि प्रत्येक वेळी बाहेरून मार्करने रेघ मारा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. झालं आपलं वजन तयार, आणि ते अर्ध्या अर्ध्या किलोने वाढवता येतं.

पाच लिटर कमी पडायला लागले की पाण्याऐवजी कोरडी वाळू भरा. वाळू पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड असते, म्हणून ती अंदाजाने भरू नका. किराणा दुकानातल्या काट्यावर कॅन मोजून घ्या.

जागा कोरडी हवी. सारवलेली ओली जमीन नको. साडी असेल तर पदर खोचा आणि निऱ्या पायात येणार नाहीत एवढ्या वर घ्या. आधी पाच मिनिटं जागेवर चाला, खांदे फिरवा, दोन-चारदा खुर्चीवरून उठा-बसा.

पाच हालचाली

१. उठ-बस : भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा. पाय खांद्याएवढे लांब ठेवा. हात न टेकता उठा, आणि बसताना धपकन न बसता मनात तीन मोजत खाली या. सुरुवातीला वजन घ्यायचं नाही.

२. भिंत ढकलणे : भिंतीपासून हातभर लांब उभ्या रहा. तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेका. अंग सरळ ठेवून भिंतीजवळ जा आणि ढकलून परत या. कंबर वाकवायची नाही.

३. जमिनीवरून उचलणे : कॅन पाटावर किंवा दोन विटांवर ठेवा, म्हणजे फार वाकावं लागणार नाही. कॅन दोन्ही पायांच्या मध्ये, अंगाजवळ. गुडघे थोडे वाकवा, बूड मागे न्या, पाठ सरळ. पायांनी जमीन दाबत उठा. शेतात गोणी उचलण्याची हीच बरोबर पद्धत आहे, म्हणून ही हालचाल सावकाश आणि नीट शिका.

४. कॅन ओढणे : एक हात बाजेवर किंवा ओट्यावर टेकून थोडं पुढे वाका. दुसऱ्या हातातला कॅन विहिरीतून पोहरा ओढावा तसा कोपर मागे नेत कमरेपर्यंत ओढा. सावकाश खाली सोडा. मग हात बदला. दोन्ही हातांनी सारख्याच वेळा.

५. वर उचलणे : एक लिटरच्या दोन बाटल्या खांद्याजवळ धरा. सरळ वर न्या, सावकाश खाली आणा. खांदा दुखत असेल तर ही हालचाल सोडून द्या.

श्वास रोखायचा नाही. जोर लावताना तोंडाने श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा.

आठवड्यातून दोन दिवस करा, मध्ये निदान दोन दिवसांचं अंतर ठेवून. उदाहरणार्थ मंगळवार आणि शुक्रवार. बाजाराचा दिवस टाळा. साधारण अर्धा तास लागतो.

आता मुख्य धडा : वाढवायचं कधी?

आधी सुरुवातीचं वजन ठरवा. ८ वेळा नीट झाल्यावर "अजून दोन-तीन वेळा जमलं असतं" असं वाटेल, ते तुमचं वजन. विसाव्यांदाही गप्पा मारता येत असतील तर ते फार हलकं आहे. पाचव्यांदाच अंग वेडंवाकडं होत असेल तर फार जड आहे. शेजारणीचं वजन बघून आपलं ठरवू नका.

मग हे चार नियम :

नियम पहिला : प्रत्येक हालचाल ८ वेळा, अशा दोन फेऱ्या. दोन फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं थांबा.

नियम दुसरा : वजन तेच ठेवून आधी संख्या वाढवा. ८ चे ९, ९ चे १०, असं १२ पर्यंत.

नियम तिसरा : व्यायामाच्या सलग दोन दिवशी, दोन्ही फेऱ्यांत १२-१२ वेळा नीट झालं, तरच वजन एक पायरी वाढवा. एका दिवशी जमलं म्हणून वाढवू नका. तो दिवस चांगला गेला असेल. दोनदा जमलं म्हणजे ताकद खरंच आली.

नियम चौथा : वजन वाढवलं की संख्या परत ८ वर आणा.

एक पायरी म्हणजे किती? हातांच्या हालचालींना अर्धा लिटर, जमिनीवरून उचलण्याला एक लिटर. वर उचलण्याच्या बाटल्या अर्ध्या भरून सुरुवात करा आणि पाव-पाव लिटर वाढवा. उठ-बस वजनाशिवाय १२-१२ झाली की दोन लिटरचा कॅन छातीशी धरा, पुढे एकेक लिटर वाढवा. भिंत ढकलण्यात वजनच नाही, तिथे उंची कमी करत जायची : आधी भिंत, मग स्वयंपाकाचा ओटा, मग जिन्याची पायरी. हात जितके खाली, तितकं अंगाचं ओझं जास्त.

आपल्या गटातली एखादी ताई कॅन ओढण्याची नोंद कशी ठेवेल, ते बघा. आकडे प्रत्येक हाताचे आहेत.

आठवडा १ : ३ लिटर, ८ आणि ८
आठवडा २ : ३ लिटर, ९ आणि ८
आठवडा ३ : ३ लिटर, १० आणि १०
आठवडा ४ : ३ लिटर, १२ आणि ११
आठवडा ५ : ३ लिटर, १२ आणि १२, दोन्ही दिवस
आठवडा ६ : साडेतीन लिटर, ८ आणि ८
आठवडा ७ : साडेतीन लिटर, १० आणि ९
आठवडा ८ : घरी लग्न, व्यायाम नाही
आठवडा ९ : साडेतीन लिटर, ९ आणि ८
आठवडा १० : साडेतीन लिटर, ११ आणि १०
आठवडा ११ : साडेतीन लिटर, १२ आणि १२, दोन्ही दिवस
आठवडा १२ : ४ लिटर, ८ आणि ८

हिशेब ठेवणाऱ्या ताईंनी लगेच गुणाकार केला असेल. पहिल्या आठवड्यात एका दिवसात ३ गुणिले १६, म्हणजे एका हाताने ४८ किलो. पाचव्या आठवड्यात ३ गुणिले २४, म्हणजे ७२ किलो. बाराव्यात ४ गुणिले १६, म्हणजे ६४. "मग कमी झालं की!" नाही. प्रत्येक वेळी उचललेलं वजन ३ वरून ४ किलो झालं, म्हणजे तीन महिन्यांत एक तृतीयांश वाढ. पुढच्या दोन महिन्यांत ते ४ गुणिले २४, म्हणजे ९६ वर जाईल. लग्नाचा आठवडा बुडाला, तरी काही बिघडलं नाही. ती एक पाऊल मागे आली आणि पुन्हा निघाली.

पहिल्या महिन्या-दीड महिन्यात संख्या भराभर वाढते. तेव्हा स्नायू फारसे मोठे झालेले नसतात. मेंदू आणि नसा ते काम नीट करायला शिकत असतात. पुढे वाढ मंद होते. एका पायरीला तीन आठवडे लागतील, सहा लागतील. निराश होऊ नका आणि घाईही करू नका. स्नायूपेक्षा सांध्याजवळच्या दोऱ्या मजबूत व्हायला जास्त वेळ लागतो.

कधी थांबायचं, कधी मागे यायचं

व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू ठणकले, दोन्ही बाजूंना सारखे, तर ते नेहमीचं आहे. दोन-तीन दिवसांत जातं. पण सांध्यात टोचणं, एकाच जागी कळ, पायात मुंग्या, खाली जड वाटणं, चक्कर किंवा छातीत दुखणं यांपैकी काहीही झालं तर लगेच थांबा. छातीत दुखलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

ताप, जुलाब, कडक उपास किंवा जागरण असेल तेव्हा वाढ नाही. नवरात्राचे नऊ दिवस उपास असेल तर हलकं करा. दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर एक-दोन पायऱ्या खालून सुरुवात करा.

हंगामात काय करायचं? सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणी चालू असताना अंग आधीच थकलेलं असतं. तेव्हा आठवड्यातून एकच दिवस करा आणि वजन तेच ठेवा. एवढ्यानेही कमावलेली ताकद बरीच टिकते.

आणि हे घरातही वाचून दाखवा : ताकद आली म्हणून ५० किलोची गोणी एकटीने उचलायची नाही. "आता हिला जमतंय की, उचलू दे," असं होता कामा नये. गोणी दोघांनी धरायची किंवा खत दोन पोत्यांत निम्मं निम्मं करायचं. ही ताकद तुमच्या पाठीच्या, गुडघ्याच्या आणि म्हातारपणाच्या कामाची आहे. वाढीव कामाची ती परवानगी नाही.

ताटाकडे लक्ष

विटा नसतील तर गवंडी भिंत कशी चढवणार? स्नायूची वीट म्हणजे प्रथिनं. साधारणपणे एका किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलो वजनाच्या बाईला सुमारे ४२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात सुमारे ७ ग्रॅम. मटकी, हरभरा, तूर, दूध, दही यांतून बाकीचं मिळतं, भाकरीतूनही थोडं मिळतं. पण घरात सगळ्यांचं झाल्यावर आपण बसतो आणि तोवर पातेल्यात वरणाचं नुसतं पाणी उरलेलं असतं. व्यायामाच्या दिवशी तरी आपल्या वाटची डाळ आधी काढून ठेवा. जेवणानंतर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा.

गटात कसं सुरू करायचं

पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे आहेत. ताकदीलाही तीच शिस्त लागते : नियमित दिवस, थोडी थोडी भर आणि लेखी नोंद. शंभर पानी वही घ्या. प्रत्येकीला एक पान. तारीख, हालचाल, किती लिटर, किती वेळा, काही त्रास झाला का, असे पाच रकाने पुरेत. जिला लिहिता येत नाही, तिच्या रेघा दुसरीने मारायच्या. वहीशिवाय वजन वाढवायचं नाही, कारण मागच्या वेळी किती झालं हे आठवणीवर सोडलं की आपण एकतर पुढे उडी मारतो किंवा तिथेच राहतो.

दोघी-तिघींनी मिळून करा. एकीने करायचं, दुसरीने पाठ सरळ आहे का ते बघायचं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस आशाताईंना बोलवा. सासूबाईंनाही घ्या. त्यांनी वजन न घेता नुसती उठ-बस केली तरी ती त्यांची पहिली पायरी आहे.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्यापैकी कितीजणी हात न टेकता जमिनीवरून उठू शकतात? करून बघा आणि आकडा लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.
२. मागच्या हंगामात कुणाकुणाची कंबर धरली होती? तेव्हा काय उचलत होतात?
३. एका ताईने ४ लिटर एकाच दिवशी १२-१२ वेळा उचलले. तिने पुढच्या वेळी साडेचार घ्यावेत का? का नाही?
४. कुणाला खाली जड वाटण्याचा त्रास आहे का? बैठकीत बोलायचं नसेल तर नंतर आशाताईंशी किंवा माझ्याशी एकटीने बोला.

वही घातली की मला कळवा. गावभेटीला येईन तेव्हा आधी तुमची पानं बघेन, मग चहा घेऊ. आणि हो, जेवणानंतर तासाभराने!

तुमची,
क्षेत्र समन्वयक